डाव्या कप्प्याचा व्यास

चंपतराव इकोच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्यासोबत होतं ते असं: खांद्याला अडकवलेली काळी पिशवी एक, तिच्यात चालू बॅटऱ्या दोन आणि कंट्रोलर एक, दुसऱ्या पिशवीत राखीव बॅटऱ्या दोन, राखीव कंट्रोलर एक, पोटाच्या उजव्या बाजूनं बाहेर आलेली, करंगळीहून बारीक वायर एक, तिच्या मुळाशी पट्टी, कोरडी, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा एक, जेवणाचा डबा एक, आणि लेकीनं दिलेली स्टीलची लिटरभराची बाटली एक, काठोकाठ भरलेली. मनगटात नाडी नव्हती.

नाडी नसण्यात काळजीचं काही नव्हतं. जानेवारीत चेन्नईला त्यांच्या हृदयाच्या टोकाशी एक पंप बसवला होता. तो मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेऊन डाव्या कप्प्यातलं रक्त ओढायचा आणि एका नळीतून महाधमनीत सोडायचा. हृदय धडकतं आणि थांबतं. पंप थांबत नाही. रक्त ठोक्याठोक्यानं न जाता नळाच्या धारेसारखं सलग वाहतं, म्हणून बोटांना काही लागत नाही. मोनालीनं पहिल्यांदा त्यांचं मनगट धरलं तेव्हा तिला सगळं ठाऊक असूनही तिनं दचकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. चंपतराव तेव्हा म्हणाले होते, "पायते काय वं असं? जित्ता हाय मी."

मोनाली चोवीस वर्षांची होती. हृदयाच्या तपासण्यांचं पदवीचं शिक्षण घेऊन दोन वर्षं ती नागपूरच्या या दवाखान्यात इको काढत होती. असे पंपवाले पेशंट दवाखान्याकडे चारच होते आणि चौघांची चित्रं तीच काढायची. तिला हे काम मनापासून आवडायचं. कंट्रोलरवर प्रवाहाचा आकडा दिसतो, पण तो पंपानं स्वतःच्या फेऱ्यांवरून आणि विजेवरून बांधलेला अंदाज असतो. आत खरोखर काय चाललं आहे ते छातीवर इकोचा प्रोब टेकवल्यावरच कळतं.

आणि चंपतरावांच्या आत काय चाललं आहे ते तीन आठवडे कोणालाच कळत नव्हतं. घरी, बहुतेक सकाळी, कंट्रोलर ओरडायचा: प्रवाह कमी. दोनदा ते तपासणीला आले आणि दोन्ही वेळा इको चांगला निघाला. डाव्या कप्प्याचा व्यास ४.८ सेंटिमीटर, मधला पडदा मध्यावर, झडप ठीक. घरी अलार्म, दवाखान्यात काही नाही. मेघा मॅडमना, म्हणजे त्यांच्या डॉक्टरना, शंका होती की पंपातून निघणाऱ्या नळीला कुठेतरी पीळ पडला असावा आणि झोपण्या-उठण्यात तो घट्ट-सैल होत असावा. आज दुपारी रंगद्रव्य टोचून सीटी काढायचा होता. किडनीचा आकडा थोडा चढला होता, रंगद्रव्यानं तो आणखी चढण्याची भीती होती. आणि पीळ सापडलाच तर पुन्हा चेन्नई, पुन्हा छाती उघडणं. सत्तरीला दोन वर्षं कमी असलेल्या माणसाची छाती चार महिन्यांत दुसऱ्यांदा.

एरवी त्यांना बाहेरच्या बाकावर दीड-दोन तास बसावं लागायचं. आज अलार्म बेशाच्या लेकीच्या घरून येताना गाडीतच वाजला, म्हणून त्यांना सरळ आत घेतलं. लेक वंदना आणि जावई ऋषिकेश मॅडमच्या खोलीबाहेर थांबले.

"काकाजी, डाव्या कुशीवर व्हा. वायर सांभाळून."

"सांभाळूनच हाय. जिजीले नाई जपलं एवढं ह्या वायरीले जपून राहिलो." जिजाबाई, त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी गेली होती. "तिनं वरून पाह्यलं तं म्हणन, आता सुचते का तुम्हाले?"

मोनाली हसली आणि प्रोब टेकवला. मग हसायची थांबली.

डावा कप्पा ३.६ होता. दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे, पंपाच्या तोंडाकडे ओढला गेला होता. ग्लासातलं ताक संपल्यावरही नळी ओढत राहिलं की गाल आत जातात, तसा. यकृतामागची मोठी शीर प्रत्येक श्वासाला चपटी होत होती. कंट्रोलरवर प्रवाह २.६. दंडाला पट्टा बांधून, डॉप्लरच्या पेनानं आवाज ऐकत तिनं रक्तदाब घेतला, ६४. तोही कमीच.

तिनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, चित्रं सेव्ह कर, तासाभरानं परत बघ, बसवून आणि झोपवून दोन्ही, म्हणजे नळीचा संबंध कळेल. सीटी दोनला आहेच.

"बाई," चंपतराव म्हणाले, "पाणी भेटन का?"

मोनालीनं स्टुलावरची स्टीलची बाटली उचलली.

"ते राहू दे. दुसरं दे."

ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरकडे गेली आणि कागदी ग्लास भरून आणला. त्यांनी हात पुढे केला, पण ग्लास घेण्याआधी विचारलं, "हे पाणी कोणाचं हाय?"

मोनालीचा हात जागच्या जागी थांबला.

असा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. पण तो तिला माहीत होता. तिच्या आजीला, पार्वतीबाईला, दहा वर्षांची असेपर्यंत पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत, भांड्याला हात न लागता. पुढे छप्पन्न साली आजीच्या बापानं तिला खांद्यावर बसवून दीक्षेच्या मैदानात नेलं. आजी ती गोष्ट सांगताना ओंजळ करून दाखवायची. मोनालीला आत्ता ती ओंजळ दिसली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, आडनावासकट.

"दवाखान्याचं," ती कोरडेपणानं म्हणाली. "मी भरून आणलंय."

"दवाखान्याचं ना? मंग दे."

त्यांनी ग्लास तिच्या हातातून घेतला, बोटांना बोटं लागली, आणि एका दमात पिऊन टाकला. मग रिकामा ग्लास तिच्याकडे धरला. दुसरा. तिसरा. चौथा त्यांनी सावकाश प्यायला, मध्ये डोळे मिटून.

मोनालीला स्वतःची लाज वाटली. या माणसाबद्दल तिनं काय धरून चाललं होतं! मग तिची नजर भरलेल्या बाटलीकडे गेली आणि लाजेच्या जागी दुसरं काहीतरी आलं, तिच्या ओळखीचं. एखादा आकडा जुळत नसला की यायचं ते.

"काकाजी, त्या बाटलीतलं गरम झालंय का?"

"थंडच हाय. वंदनीनं बरफ टाकला."

"मग काहून नाही पीत?"

"तसंच."

"घरी किती पिता?"

"पेतो ना. आपल्या विहिरीचं पेतो. काटोलाहून कवडू आणते दर इतवारी कॅन भरून. आमच्या बागेतला माणूस हाय तो." ते थोडे खुलले. "संत्र्याच्या झाडाले जे पाणी, तेच मले."

"या रविवारी आणलं?"

"त्याच्या पोरीचं लग्न हाय ना. तीन इतवार झाले, आला नाई. पुरवून पुरवून वापरून राहिलो. सकाळी एक घोट गोळीसंगं, राती एक."

नागपुरात त्या आठवड्यात पारा त्रेचाळीसच्या खाली उतरला नव्हता.

"आणि जेवण, चहा?"

"जेवतो ना वं! तांदूळ माझा हाय, तूर माझी, कणीक माझी, दोन पोते घेऊनच आलो. दूधवाल्याचे पैसे मी देतो. अन् शिजलेल्या पाण्याचा दोष नसते. कच्चं पाणी मातर..." ते थांबले. आपण कुठे येऊन पोचलो ते त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली केला. "लेकीच्या घरचं कच्चं पाणी आमच्यात पेत नाई. दिल्याघरचं कसं घ्याचं? धान्याचा बदला देता येते, दुधाचा देता येते. पाण्याचा कसा देशीन? पण तू कोठी बोलू नोको. जवाई चांगला माणूस हाय, त्याले वाईट वाटन. अन् वंदनीच्या तं जिवालेच लागन."

"पण काकाजी, यानं पंप..."

"बोलू नोको म्हटलं ना, माय माझी. काढू दे त्याहिले फोटो. फोटोत निंगन ते निंगन."

"आणि परत ऑपरेशन म्हणाले तर?"

"तं करू," चंपतराव म्हणाले आणि कुशीवर वळले.

तासाभरानं तिनं पुन्हा प्रोब टेकवला. झोपवून ४.५, बसवून ४.५. पडदा मध्यावर. शीर भरलेली. पंपाचे फेरे तेच, नळी तीच, माणूस तोच. मध्ये फक्त चार ग्लास पाणी आणि नंतर त्यांनी मागून घेतलेले आणखी दोन. तिला आता मागच्या दोन भेटीही कळल्या. दोन्ही वेळा ते बाहेरच्या बाकावर दोन तास बसले होते, आणि त्या बाकाच्या शेजारीही असाच पाण्याचा कूलर होता. दोन्ही वेळा तिनं त्यांना पाणी पिऊन झाल्यावर पाहिलं होतं.

तिला झालेला आनंद खरा होता. पीळ नव्हता. सीटी नको, रंगद्रव्य नको, चेन्नई नको. तिनं दोन्ही चित्रं एकाच कागदावर छापून घेतली, ३.६ आणि ४.५ शेजारी शेजारी, चंपतरावांना व्हीलचेअरवर बसवलं आणि ढकलत मॅडमच्या खोलीकडे निघाली. त्यांना सीटीकडे नेण्याआधी मॅडमकडे न्यायचंच होतं. दार उघडं होतं. आत वंदना आणि ऋषिकेश बसले होते आणि मॅडम त्यांना नळीचं चित्र काढून दाखवत होत्या.

ती थांबू शकली असती. मॅडमना बाहेर बोलावणं अवघड नव्हतं. ती रोज बोलवायची.

"मॅडम, पीळ नाहीये," ती म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवला. "ही सकाळची, आल्या आल्या. ही तासाभरानं. स्पीड तोच. मध्ये यांनी बाराशे मिली पाणी प्यायलं. मागच्या दोन्ही वेळी पण आपण पाणी पिऊन झाल्यावरच इको केला होता. कप्पा रिकामा होतोय म्हणून पंप भिंत ओढतोय. अलार्म त्याचा आहे."

मॅडमनी कागद जवळ ओढला. "पण मी विचारलं होतं. दोन लिटर सांगितलं होतं ना, वंदना?"

"हो," वंदना म्हणाली. ती एका शाळेत गणित शिकवायची आणि वडिलांच्या सगळ्या आकड्यांचा हिशेब तीच ठेवायची. "म्हणजे, कॅन आहे त्यांचा. त्यातलं पितात."

"कॅन तीन आठवडे आलेला नाही," मोनाली म्हणाली.

"मग घरचं पीत असतील. आर.ओ. आहे ना."

"घरचं ते पीतच नाहीत. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून."

वाक्य संपलं तेव्हा तिचे हात अजून व्हीलचेअरच्या मुठींवर होते. समोर चंपतरावांची मान होती, दुपट्टा सुटलेली, मागून केस विरळ झालेली. ती मान हळूहळू खाली गेली.

ऋषिकेश आधी हसला. "बाबा, ह्या मजाक करून राहिल्या का?"

मग त्यानं सासऱ्यांची खाली गेलेली मान पाहिली.

"अहो, आर.ओ. मी तुमच्यासाठीच बसवला. इन्व्हर्टर बसवला, रात्री दोनदा उठून तुमची बॅटरी पाहतो. मिहानच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली. अन् आमच्या घरचं पाणी चालत नाही?"

"तुमचा दोष नाई, जवाई."

"मग कोणाचा हाय?"

"कोणाचाच नाई. रीत हाय."

"रीत! अन् ही रीत किती दिवस चालते? काही मुदत असंन का नाही तिची?"

त्यानं हे रागानं विचारलं. याला खरोखर उत्तर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मोनालीलाही नव्हतं.

"नातवंड होईपर्यंत," वंदना म्हणाली.

ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती. "लेकीले पहिलं मूल झालं की मंग पेता येते. माझ्या आईच्या बाबानं बी तसंच केलं होतं. मी झाली त्या दिवशी त्याहिनं आमच्या घरी पहिला ग्लास पेला. आई सांगे नेहमी." खोलीत आल्यापासून ती शाळेतलं मराठी बोलत होती. आता ते गळून पडलं होतं. "मी विसरलीच होती. म्हणजे, विसरली नव्हती. मले वाटलं, बाबाले विहिरीच्या पाण्याची चव आवडते."

वंदना-ऋषिकेशच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. हे मोनालीला माहीत होतं, पंपाच्या फाइलमध्ये घरच्यांची माहिती असते. माहीत होतं आणि तिनं ते कशाशीच जोडलं नव्हतं.

"मी काई बोललो का वंदने?" चंपतराव मान वर न करता म्हणाले. "सांग. कदी बोललो का एक शब्द?"

"नाई बोलले."

"बोललो असतो तं तुले वाटलं असतं, बुढा टोमणा मारून राहिला. म्हणून गप होतो. मले काई घाई नाई वं. होईन तवा होईन."

"नाई होणार, बाबा."

ऋषिकेशनं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण धरलाही नाही.

"जानेवारीतच सांगितलं डॉक्टरनं. शेवटचं. तुमचं आपरेशन होतं त्याच हप्त्यात. तवा कसं सांगू? अन् मंग राहूनच गेलं. मले वाटे, बाबा पुसत नाई तं बरंच हाय."

चंपतरावांनी दुपट्ट्याचं टोक उचललं आणि तोंडावर धरलं. पंपाला याचं काही नव्हतं. काळ्या पिशवीतल्या कंट्रोलरवर फेऱ्यांचा आकडा तोच होता, पाच हजार चारशे.

मेघा मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "ठीक आहे. आज सीटी नको. लघवीची गोळी अर्धी करा. एक आठवडा बघू. रोज दोन लिटर पाणी, कुठलं ते तुम्ही ठरवा, ते माझं क्षेत्र नाही. पण मंगळवारी सकाळी घरून उठून सरळ इको-रूममध्ये यायचं. वाटेत पाणी नाही, बाकावर बसणं नाही. कप्पा तेव्हाही रिकामा असेल, तर मग मला दुसरं काही शोधावं लागेल. सीटी करावा लागेल, आणि चेन्नईलाही कळवावं लागेल." मग त्या मोनालीकडे वळल्या. "गुड कॅच."

मोनालीला आयुष्यात कोणतंही कौतुक इतकं नकोसं झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर ती व्हीलचेअर लिफ्टकडे नेत होती. चंपतराव पुढे बघत म्हणाले, "तुले म्हटलं होतं ना वं."

बस, एवढंच. ते रागावले असते तर तिच्याजवळ उत्तर होतं: किडनी, रंगद्रव्य, छाती. ते रागावले नव्हते.

वंदना मागून आली आणि तिनं मोनालीच्या हातांतून मुठी काढून घेतल्या. "राहू द्या. मी नेते."

दिवसभराचं काम संपवून मोनाली इको-रूम आवरायला गेली तेव्हा स्टुलावर स्टीलची बाटली तशीच होती. बर्फ केव्हाच विरघळला होता, बाहेरून सुटलेलं पाणी स्टुलावर गोल वाळलं होतं. तिनं झाकण उघडलं. काठोकाठ. बेसिनमध्ये ओतायला ती दोनदा गेली आणि दोनदा परत आली. शेवटी तशीच भरलेली पिशवीत घालून इंदोऱ्याला घरी घेऊन गेली.

"कोणाची वं ही बाटली?" आजी मेथी निवडत बसली होती.

मोनालीनं सांगितलं. पहिल्यापासून, ग्लासाच्या प्रश्नापासून. आजीनं मेथीची काडी हातातच धरून ठेवली.

"अन् तुह्या हातचं पेलं त्यानं?"

"सहा ग्लास."

"पाय बरं! अन् पोटच्या पोरीचं नाई." आजी खदखदून हसली, तिचे उरलेले चारही दात दिसले. "आमच्या वेळी आमचं सोडून सगळ्याहिचं चाले. याचं उलटंच हाय. म्हातारा पार सुधरला म्हणायचा का बिघडला?"

"आजी, हसू नको."

"काहून? तुनं तं त्याचा जीव वाचवला. मंग असं मेल्यावानी तोंड करून काहून बसली?"

"त्यांनी मला सांगू नको म्हटलं होतं."

आजी हसायची थांबली. "मंग तू कोणाले सांगितलं?"

"सगळ्यांसमोर बोलले. त्यांच्या, लेकीच्या, जावयाच्या."

आजीनं काडी ताटलीत टाकली आणि दुसरी जुडी सोडली. तिनं काहीतरी बोलावं म्हणून मोनाली थांबली होती. टोमणा चालला असता, शिवीही चालली असती. शेवटी आजी म्हणाली, "ते पाणी झाडाले घाल. अन् बाटली चिंच लावून घास. दुसऱ्याची हाय."

मोनालीनं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं. बाटली घासली, पालथी ठेवली.

तो आठवडा ती कामात चुकली नाही, पण पेशंटशी बोलणं तिनं जवळजवळ सोडून दिलं. कुशीवर व्हा, श्वास धरा, सोडा. लोक काही सांगू लागले की ती स्क्रीनकडे बघायची. रात्री तिला दोन गोष्टी आलटून पालटून आठवायच्या, आणि त्यातली कोणती जास्त बोचते ते ठरवता यायचं नाही: ग्लास हातात घेऊन आपण त्या माणसाबद्दल काय समजलो, आणि तासाभरानं त्यालाच मुठींना धरून त्या खोलीत कसं ढकललं. चूक निष्कर्ष आपण मनात ठेवला. बरोबर निष्कर्ष चारचौघांत वाचून दाखवला.

मंगळवारी ते आले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे थेट, बाकावर न बसता. ऋषिकेश बाहेरच राहिला, नुसता खिडकीशी उभा. वंदना आत आली. तिच्या खांद्यावर राखीव बॅटऱ्यांची पिशवी होती. या वेळी तिच्याजवळ बाटली नव्हती.

"ही तुमची राहिली होती," मोनालीनं बाटली पुढे केली. "धुतलीय."

वंदनानं ती घेतली, हलकी लागली म्हणून जराशी हलवली, पिशवीत टाकली.

"ताई, मला ते पुढचं माहीत नव्हतं. नातवंडाचं."

"माहीत असतं तर सांगितलं नसतं?"

मोनालीनं विचार केला. खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती. "सांगितलं असतं. पण मॅडमना, एकटीला."

"हं," वंदना म्हणाली. "तेवढंच." मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, "यांच्या आईलेही आता कळलं. माझ्या सासूले. त्या तर म्हणे, दत्तक घ्या. बाबा काहीच म्हणत नाहीत. चार दिवस झाले, हे अन् मी बोललोच नाही धड."

मोनालीनं विचारलं नाही. घरी काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं, कवडू आला का, कॅन आला का, की कोणी ग्लास भरला आणि कोणी तो घेतला. यातलं काही विचारायचा तिला हक्क नव्हता असं तिला वाटलं. चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं. चंपतरावांचे ओठ कोरडे होते, पण उन्हाळ्यात सगळ्यांचेच असतात. कंट्रोलरचा आकडा तिच्याकडे पाठ करून होता आणि तिनं तो वळवला नाही. अंदाज नंतर. आधी चित्र.

ते न सांगताच डाव्या कुशीवर झाले. वायर स्वतःच्या हातानं बाजूला घेतली. तोंड भिंतीकडे.

"जेल थंड लागेल, काकाजी."

"लागू दे."

तिनं प्रोब टेकवला. आधी नुसता काळोख आणि फासळीची सावली आली. मग तिनं प्रोब एक बोट खाली सरकवला आणि कप्पा उघडला. तिनं कोपर खाटेच्या कडेला टेकवलं. श्वास धरायला सांगितलं. चित्र थांबवलं. एका भिंतीवर पहिली खूण ठेवली, समोरच्या भिंतीवर दुसरी, आणि आकडा लिहून घेतला. मग चित्र पुन्हा सोडलं, पुन्हा थांबवलं. असं तीनदा केलं, कारण एका मापावर विश्वास ठेवायचा नसतो. मागे वंदना उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी तिनं कंट्रोलर आपल्याकडे वळवला आणि अहवालात भरलं.

पंपाचे फेरे: मिनिटाला ५४००. प्रवाह: मिनिटाला ४.२ लिटर. मधला पडदा: मध्यावर. डाव्या कप्प्याचा व्यास: ४.७, ४.८, ४.७, सरासरी ४.७ सेंटिमीटर.